हैदराबाद संस्थानातील चलनबंदी आणि आर्थिक नाकेबंदी (१९४७–४८)

हैदराबाद संस्थानातील चलनबंदी आणि आर्थिक नाकेबंदी ही नोव्हेंबर १९४७ ते सप्टेंबर १९४८ या काळातील घटनामाला होय. या काळात हैदराबादचे सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या सरकारने वटहुकूम काढून संस्थानातून भारतात मौल्यवान धातू नेण्यावर निर्बंध घातले आणि भारतीय रुपयाची संस्थानातील कायदेशीर मान्यता काढून घेतली. दुसरीकडे भारतीय प्रांतांतून संस्थानात जाणारा माल अडवला जाऊ लागला व पुढे हा अडथळा अधिकाधिक कडक झाला. दोन्ही बाजूंपैकी कोणीही युद्ध पुकारले नव्हते. तरीही शत्रुराष्ट्राशी व्यापार बंद करताना जी पावले उचलली जातात, त्यांपैकी अनेक येथे उचलली गेली. त्यांची झळ संस्थानाच्या सरहद्दीवरील जिल्ह्यांना, विशेषतः मराठवाड्यातील नांदेड, परभणी, औरंगाबाद, बीड व उस्मानाबाद या पाच मराठी जिल्ह्यांना बसली. हा संघर्ष १३ ते १७ सप्टेंबर १९४८ च्या भारतीय लष्करी कारवाईने संपला.

पार्श्वभूमी: युद्ध व व्यापार यांविषयीचे अधिकार

युद्ध पुकारणे आणि शत्रूशी होणारा व्यापार मना करणे हे सार्वभौम राजाचे परंपरेने मानले गेलेले अधिकार आहेत. ते सहसा जोडीने वापरले जातात. ४ ऑगस्ट १९१४ रोजी पंचम जॉर्ज यांच्या सरकारने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारले आणि दुसऱ्याच दिवशी शत्रूशी व्यापार करण्यास मनाई करणारा राजजाहीरनामा निघाला. ब्रिटिश हिंदुस्थान आपोआप त्या युद्धात ओढला गेला. भारतातील जर्मन व्यापाऱ्यांचे व्यवहार थांबले आणि अनेक जर्मन नागरिकांना अहमदनगर येथील छावणीत स्थानबद्ध करण्यात आले. हैदराबादच्या निजामाने या युद्धात ब्रिटिशांना मोठे आर्थिक साहाय्य केले. मात्र युद्धाचा निर्णय त्याचा नव्हता व तसा निर्णय घेण्याचा अधिकारही त्याला उरलेला नव्हता.

हा अधिकार निजामाने शतकापूर्वीच गमावला होता. १७९८ व १८०० च्या तहांनी हैदराबादने ईस्ट इंडिया कंपनीची तैनाती फौज स्वीकारली आणि अन्य सत्तांशी स्वतंत्रपणे बोलणी न करण्याचे बंधन पत्करले. १८०२ च्या व्यापारी तहाने कंपनीच्या मुलखातून येणाऱ्या मालावरील जकात शेकडा पाच एवढीच मर्यादित झाली. त्या बदल्यात निजामाला मछलीपट्टण बंदर वापरण्याची मुभा मिळाली. थोडक्यात, पहिल्या तहांनी युद्धाचा हक्क गेला आणि नंतरच्या तहाने व्यापार रोखण्याच्या हक्काला मर्यादा पडली.

तरीही दोन गोष्टी निजामाच्या हाती राहिल्या, त्या म्हणजे स्वतःचे चलन आणि स्वतःचे जकात खाते. संस्थानात जकात खात्याला ‘करोडगिरी’ म्हणत. रस्त्यांवर व रेल्वे स्थानकांवर करोडगिरीचे नाके असत आणि आत येणाऱ्या व बाहेर जाणाऱ्या मालावर तेथे कर घेतला जाई. भारतातील बहुतेक संस्थानांनी ब्रिटिश चलन स्वीकारले असताना हैदराबादने आपले ‘उस्मानिया सिक्का’ हे नाणे चालू ठेवले. १९१८ पासून संस्थानाने कागदी नोटाही काढल्या. भारतीय संस्थानांपैकी नोटा काढण्याची मुभा केवळ हैदराबादलाच होती. १९४७–४८ मधील संघर्ष याच दोन अधिकारांभोवती फिरला.

हाली आणि कलदार

संस्थानी रुपयाला लोकव्यवहारात ‘हाली’ आणि ब्रिटिश भारतातील रुपयाला ‘कलदार’ म्हणत. दोहोंचा अधिकृत विनिमय दर १०० कलदार रुपयांस ११६ रुपये १० आणे ८ पै हाली असा होता. हा आकडा अवघड दिसतो, पण हिशेब सोपा होता: सहा कलदार म्हणजे सात हाली. वऱ्हाडात कापूस विकून साठ कलदार घेऊन आलेल्या शेतकऱ्याला संस्थानात त्यांचे सत्तर हाली होत. हाली रुपयाच्या नाण्यावर चारमिनारचे चित्र असे.

सरहद्दीवरील बाजारांत दोन्ही चलने चालत. संस्थान चारही बाजूंनी ब्रिटिश प्रांतांनी वेढलेले होते व त्याला समुद्रकिनारा नव्हता. मीठ, कापड, रॉकेल, पेट्रोल, औषधे व यंत्रसामग्री बाहेरून येई. कापूस, भुईमूग, एरंडी आदी माल बाहेर जाई. बाहेरच्या खरेदीसाठी कलदार लागत. त्यामुळे मराठवाड्यातील व्यापाऱ्याच्या पेटीत दोन्ही नाणी असणे ही नित्याची बाब होती. चलनव्यवस्थेची देखरेख १९४१ च्या कायद्याने स्थापन झालेल्या हैदराबाद स्टेट बँकेकडे होती. हीच बँक पुढे स्टेट बँक ऑफ हैदराबाद म्हणून ओळखली गेली.

जैसे थे करार

जून १९४७ मध्ये निजामाने फर्मान काढून आपण भारताच्या किंवा पाकिस्तानच्या घटना समितीत प्रतिनिधी पाठवणार नसल्याचे आणि ब्रिटिश सत्ता संपताच सार्वभौम होण्याचा हक्क आपल्याला प्राप्त होणार असल्याचे जाहीर केले. संस्थानाची लोकसंख्या त्या वेळी सुमारे १ कोटी ६३ लाख होती व तीत हिंदू बहुसंख्य होते. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखालील हैदराबाद स्टेट काँग्रेसने ७ ऑगस्ट १९४७ रोजी भारतात विलीन होण्याच्या मागणीसाठी सत्याग्रह सुरू केला. मजलिस-ए-इत्तेहादुल मुसलमीन या पक्षाने व त्याच्या रझाकार या स्वयंसेवक दलाने विलीनीकरणास कडवा विरोध केला. रझाकारांचा नेता कासिम रझवी हा लातूर येथे वकिली करीत असे.

दीर्घ वाटाघाटींनंतर २९ नोव्हेंबर १९४७ रोजी भारत व हैदराबाद यांच्यात एक वर्ष मुदतीचा ‘जैसे थे करार’ झाला. परराष्ट्र व्यवहार, संरक्षण व दळणवळण यांसह समान हिताच्या बाबींत १५ ऑगस्टपूर्वीची व्यवस्था पुढे चालू ठेवावी, एकमेकांकडे प्रतिनिधी नेमावेत आणि वाद उद्भवल्यास तो लवादाकडे सोपवावा, अशी त्याची मुख्य कलमे होती. भारताचे प्रतिनिधी म्हणून कन्हैयालाल मुन्शी जानेवारी १९४८ मध्ये हैदराबादेत दाखल झाले. निजामाच्या बाजूने पंतप्रधानपदी उद्योगपती मीर लायक अली आले होते.

निजाम सरकारचे वटहुकूम

करारानंतर काही आठवड्यांतच निजाम सरकारने दोन वटहुकूम काढले. पहिल्याने संस्थानातून भारतात मौल्यवान धातूंची निर्यात करण्यावर निर्बंध घातले. दुसऱ्याने भारतीय चलन संस्थानात कायदेशीर चलन राहणार नाही असे ठरवले. याच सुमारास हैदराबादने भारत सरकारच्या रोख्यांच्या रूपाने पाकिस्तानला २० कोटी रुपयांचे कर्ज दिल्याचे उघड झाले. दिल्लीत याची तीव्र प्रतिक्रिया उमटली. भारत सरकारने वटहुकूम व कर्ज या दोन्हींना जैसे थे कराराचा भंग ठरवले.

दोन्ही सरकारांच्या भूमिकेत मूलभूत अंतर होते. हैदराबादच्या दृष्टीने चलन व धातूंची निर्यात या आपल्या अंतर्गत अर्थकारणाच्या बाबी होत्या व त्या कराराने सोडून दिलेल्या नव्हत्या. भारताच्या दृष्टीने पूर्वीची व्यवस्था जशीच्या तशी ठेवण्याचे वचन देऊन लगेच शेजारच्या देशाचे चलन बाद करणे हे वचनाच्या विरुद्ध होते. वटहुकुमाचे व्यावहारिक मूल्य काहीही असो, त्याचे राजकीय मूल्य मोठे होते. भारतीय रुपया ‘परका’ ठरला की भारतही परका देश ठरतो. युद्ध पुकारण्याचे बळ निजामाकडे नव्हते; पण आपल्या मुलखात कोणते नाणे चालेल हे सांगण्याचा अधिकार त्याच्याकडे होता, आणि सार्वभौमत्वाचा दावा त्याने त्या मार्गाने मांडला.

सर्वसामान्यांसाठी हा प्रश्न इतका तात्त्विक नव्हता. सरहद्दीपलीकडील बाजारात विकलेल्या मालाची किंमत कलदारांत मिळे आणि तेच नाणे गावी परतल्यावर अवैध ठरत असे. रझाकारांच्या दहशतीमुळे घरदार सोडून वऱ्हाड, सोलापूर वा खानदेशाकडे जाणाऱ्या कुटुंबांपुढे वेगळीच अडचण होती. जवळची हाली नाणी सरहद्दीपलीकडे उपयोगाची नव्हती, आणि सोने-चांदी बाहेर नेण्यावर वटहुकुमाचा निर्बंध होता.

भारताकडून झालेली नाकेबंदी

१९४८ च्या आरंभापासून मुंबई, मद्रास आणि मध्यप्रांत व वऱ्हाड या प्रांतांतून हैदराबादकडे जाणारा माल अडवला जात असल्याच्या तक्रारी निजाम सरकारने सुरू केल्या. त्यांत पेट्रोल, औषधे आणि पिण्याचे पाणी शुद्ध करण्यासाठी लागणारा क्लोरिन यांचा विशेष उल्लेख असे. शस्त्रे व युद्धोपयोगी साहित्य रोखल्याचे भारत सरकार मान्य करी. परंतु सर्व वस्तूंची सरसकट नाकेबंदी आपण केल्याचे त्याने मान्य केले नाही आणि अडवणुकीची जबाबदारी बऱ्याच अंशी प्रांतिक व स्थानिक अधिकाऱ्यांवर जाई. प्रत्यक्षात माल अडत होता, एवढे दोन्ही बाजूंच्या पत्रव्यवहारावरून स्पष्ट होते.

नाकेबंदी परिणामकारक ठरण्यास रेल्वेची रचना कारणीभूत होती. मुंबईहून मराठवाड्यात येणारा माल मनमाड येथे रुंदमापी मार्गावरून उतरवून निजाम स्टेट रेल्वेच्या मीटरमापी गाड्यांत भरावा लागे. हाच मार्ग औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड, मुदखेड, उमरी, धर्माबाद असा जाऊन गोदावरी ओलांडून बासर व निजामाबादमार्गे सिकंदराबादला पोहोचत असे. लातूरची बाजारपेठ तर कुर्डुवाडी–बार्शी–लातूर या अरुंदमापी बार्शी लाइट रेल्वेवर अवलंबून होती, आणि या मार्गावरील कुर्डुवाडी व बार्शी ही दोन्ही ठिकाणे मुंबई प्रांतात होती. मनमाड व कुर्डुवाडी या दोन स्थानकांवर माल थांबला की मराठवाड्याचा बराच मोठा भाग बाहेरच्या पुरवठ्याला मुकत असे. संस्थानाकडे सिंगरेणीचा कोळसा होता. खनिज तेल मात्र नव्हते. म्हणूनच पेट्रोलची टंचाई शासनाला व त्याच्या सैन्याला अधिक जाचक ठरली.

समुद्राकडे स्वतंत्र वाट मिळवण्याचे प्रयत्नही झाले. गोव्यातील मुरगाव बंदर मिळवण्याविषयी निजामाच्या बाजूने पोर्तुगिजांकडे विचारणा झाली होती, पण तिच्यातून काही निष्पन्न झाले नाही. शस्त्रपुरवठ्यासाठी सिडनी कॉटन या ऑस्ट्रेलियन वैमानिकाने कराचीहून रात्रीच्या वेळी विमाने आणून ती बीदर व वरंगळ येथे उतरवली. या चोरट्या वाहतुकीने बंदुका आल्या, पण १ कोटी ६३ लाख लोकांची गरज त्या मार्गाने भागणे शक्यच नव्हते.

२२ मे १९४८ रोजी गंगापूर स्थानकावर रेल्वेगाडीवर रझाकारांनी हल्ला केला. जूनमध्ये माउंटबॅटन यांच्या मध्यस्थीने चाललेल्या अखेरच्या वाटाघाटी फिसकटल्या व २१ जून रोजी ते भारतातून गेले. त्यानंतर आर्थिक निर्बंध अधिक कडक करण्यात आले.

सरहद्दीवरील संघर्ष

नांदेड जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून पैनगंगा वाहते. तिच्या पलीकडचा वऱ्हाड ब्रिटिश प्रशासनाखाली होता, तरी कायद्याने तो निजामाचाच मुलूख मानला जाई. १९०२ मध्ये तो कायमच्या भाडेपट्ट्याने ब्रिटिशांकडे गेला आणि १९३६ च्या करारात निजामाचे नाममात्र स्वामित्व पुन्हा मान्य करण्यात आले. निजामाच्या युवराजाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ हा किताब त्यातूनच मिळाला. १९४८ मध्ये मात्र याच वऱ्हाडातील यवतमाळ जिल्ह्यात, उमरखेड येथे, निजामाविरुद्ध लढणाऱ्यांची सशस्त्र छावणी उभी होती. अशा छावण्या बार्शी, वाशीम, चांदा आदी भागांतही सरहद्दीलगत होत्या.

छावण्यांतील स्वातंत्र्यसैनिकांचे एक मुख्य लक्ष्य करोडगिरीचे नाके हे होते. नाके जाळणे व उद्ध्वस्त करणे, लेव्हीचे धान्य देण्यास विरोध करणे आणि अबकारी उत्पन्नावर घाला घालण्यासाठी शिंदीची झाडे तोडणे असा हा कार्यक्रम होता. त्याची निवड योगायोगाने झालेली नव्हती. नाका, लेव्ही व अबकारी हे तिन्ही सरकारच्या तिजोरीकडे जाणारे रस्ते होते.

यांतील सर्वांत गाजलेली घटना म्हणजे उमरी बँकेवरील हल्ला. ३० जानेवारी १९४८ रोजी स्वातंत्र्यसैनिकांच्या तुकडीने धर्माबादच्या अलीकडे, नांदेडच्या बाजूस असलेल्या उमरी येथील हैदराबाद स्टेट बँकेच्या शाखेवर हल्ला करून मोठी रोकड हस्तगत केली. याच संध्याकाळी दिल्लीत महात्मा गांधींची हत्या झाली. उमरी हे तेव्हा कापसाच्या व्यापाराचे व रेल्वेवरील महत्त्वाचे ठिकाण होते. मराठवाडा मुक्तिसंग्रामाच्या इतिहासात ही घटना शौर्यकथा म्हणून सांगितली जाते, व ती तशी आहेही. आर्थिक इतिहासाच्या दृष्टीने पाहता मात्र जो अधिकार निजाम वटहुकुमाने सांगत होता, त्याच्याच भांडारावर तो घाव होता.

आज धर्माबाद महाराष्ट्र–तेलंगण सीमेलगतचे तालुक्याचे ठिकाण आहे. १९४८ मध्ये मात्र ते संस्थानाच्या अंतर्भागात होते. दक्षिणेकडे निजामाबाद व उत्तरेकडे नांदेड हे दोन्ही जिल्हे संस्थानातच होते. धर्माबादच्या व्यापारावर झालेला परिणाम त्यामुळे पैनगंगेकाठच्या गावांप्रमाणे नाक्यावरच्या झडतीतून होण्यापेक्षा मनमाडकडून येणारा माल थांबल्यामुळे होणे स्वाभाविक होते.

राष्ट्रसंघातील तक्रार आणि लष्करी कारवाई

२१ ऑगस्ट १९४८ रोजी हैदराबादने संयुक्त राष्ट्रसंघाच्या सुरक्षा समितीकडे तक्रार केली. आक्रमणाच्या धमक्यांबरोबर आर्थिक नाकेबंदी हा तक्रारीचा प्रमुख मुद्दा होता. समितीची बैठक पॅरिस येथे १६ सप्टेंबरला झाली व हा विषय आठ मतांनी कार्यक्रमपत्रिकेवर घेण्यात आला. तीन सदस्य तटस्थ राहिले. हैदराबादतर्फे मोईन नवाझ जंग व भारतातर्फे रामस्वामी मुदलियार यांनी बाजू मांडली. हैदराबाद हे राज्यच नसल्याने त्याला तक्रार करण्याचा अधिकार नाही, असे भारताचे म्हणणे होते.

तोपर्यंत कारवाई अखेरच्या टप्प्यात आली होती. १३ सप्टेंबर रोजी भारतीय सैन्याने संस्थानात प्रवेश केला. मुख्य तुकडी मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांच्या नेतृत्वाखाली सोलापूरहून नळदुर्गमार्गे पुढे सरकली. १७ सप्टेंबरला निजामाने युद्धविराम जाहीर केला व दुसऱ्या दिवशी हैदराबादचे सेनापती सय्यद अहमद अल एद्रूस यांनी औपचारिक शरणागती पत्करली. २२ सप्टेंबरला निजामाने सुरक्षा समितीतील तक्रार मागे घेत असल्याचे कळवले. या मोहिमेचे लष्करी नाव ‘ऑपरेशन पोलो’ असे होते. सरकारी व लोकभाषेत तिला ‘पोलीस कारवाई’ म्हणतात. हे नाव हेतुपुरस्सर होते. युद्ध दोन राज्यांत होते आणि हैदराबादला वेगळे राज्य मानायचेच नसल्याने युद्ध हा शब्द टाळणे भारताला आवश्यक होते.

परिणाम

मराठवाड्यात १७ सप्टेंबर हा दिवस मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन म्हणून साजरा केला जातो. मात्र कारवाईच्या काळात व त्यानंतर लगेचच अनेक ठिकाणी मुस्लिम वस्त्यांवर सूडाचे हल्ले झाले. पंडित सुंदरलाल यांच्या अध्यक्षतेखालील समितीने उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर व नांदेड हे चार जिल्हे सर्वाधिक पीडित असल्याचे नोंदवले आणि मृतांचा आकडा किमान २७,००० ते ४०,००० असावा असा अंदाज दिला. हा अहवाल अनेक दशके अप्रकाशित राहिला.

भारतीय रुपयाला संस्थानात पुन्हा मान्यता मिळाली. पण हाली नाणे लगेच गेले नाही. सहास सात या जुन्याच दराने ते काही वर्षे भारतीय रुपयाबरोबर चालले व १९५९ मध्ये पूर्णपणे बाद झाले. करोडगिरीचे नाके १९५० मधील वित्तीय एकीकरणानंतर टप्प्याटप्प्याने बंद झाले. २६ जानेवारी १९५० पासून निजाम हैदराबाद राज्याचे राजप्रमुख झाले. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात गेला आणि नांदेड जिल्ह्याचे काही तेलुगू भाषक भाग आंध्र प्रदेशाला जोडले गेले. धर्माबाद सीमेवर आले ते या पुनर्रचनेमुळे.

पैशाचा एक वाद त्यानंतरही सत्तर वर्षे चालू राहिला. सप्टेंबर १९४८ मध्ये निजाम सरकारचे सुमारे दहा लाख पौंड लंडनमधील पाकिस्तानच्या उच्चायुक्तांच्या नावे असलेल्या बँक खात्यात वळवण्यात आले होते. निजामाने ते परत मागितले, पण बँकेने रक्कम गोठवली. व्याजासह ती सुमारे साडेतीन कोटी पौंड झाल्यावर, ऑक्टोबर २०१९ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने पाकिस्तानचा दावा फेटाळून भारत व निजामाचे वारस यांच्या बाजूने निकाल दिला.

इतिहासलेखन

या प्रकरणाची मांडणी लेखकाच्या भूमिकेनुसार बदलते. संस्थान खात्याचे सचिव व्ही. पी. मेनन यांच्या संस्थानांच्या विलीनीकरणावरील ग्रंथात (१९५६) व मुन्शी यांच्या आठवणींत (१९५७) वटहुकूम हे कराराचा भंग म्हणून येतात. लायक अली यांच्या ‘ट्रॅजेडी ऑफ हैदराबाद’ या पुस्तकात (१९६२) नाकेबंदीला आणि तिने झालेल्या हालांना प्राधान्य मिळते. मराठीत अनंत भालेराव यांचे ‘हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा’ आणि नांदेडचे विचारवंत नरहर कुरुंदकर यांचे या विषयावरील लेखन महत्त्वाचे मानले जाते. अनेक लेखनांचा भर राजकीय व सशस्त्र लढ्यावर असून, चलन व मालवाहतूक यांचा गावपातळीवरील अभ्यास त्या मानाने थोडा झाला आहे.